केदारच्या वाटेवर ओलेत्याने

केदारला गेलेली मंडळी येडशीच्या स्टेशनवर गाडीतून उतरली. अण्णा उतरले नाहीत.

त्यांचे गाठोडे उतरले. ते कुणीतरी माझ्या हातात दिले आणि मी घरी आणून वहिनींपुढे ठेवले. वहिनींनी गाठ सोडली. आत घोंगडी, तांब्या, भस्माची पिशवी आणि एक धोतर होते. धोतराची घडी वहिनींनीच घातलेली होती. ती मोडलेली नव्हती.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. आई-वडील लवकर गेल्यामुळे मला त्यांनी आणि वहिनींनी वाढवले. त्यांना मूलबाळ नव्हते. जे होते ते माझ्यावर घातले आणि मला धाराशिवला ठेवून शिकवले. राज्य निजामाचे, त्यामुळे शिक्षण उर्दूतून. त्या शिक्षणावर मी येडशीच्या शाळेत मास्तर झालो. अण्णा शेती पाहत आणि सोमवारी गावाजवळच्या रामलिंगाच्या दरीत उतरून पूजा करत. हिमालय तर सोडाच, सोलापूरच्या पलीकडचे त्यांनी काही पाहिलेले नव्हते.

बरोबरच्या मंडळींनी जे सांगितले ते असे. केदारच्या अलीकडे गौरीकुंड म्हणून मुक्काम आहे. तिथे गरम पाण्याचे कुंड आहे. अण्णांनी त्यात अंघोळ केली आणि ओले धोतर न बदलता वर निघाले. लोक म्हणाले, बदला. ते म्हणाले, "चालता चालता वाळंल." वर वारा सुटला. निम्म्या वाटेवर एक चट्टी लागते. चट्टी म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेले छप्पर. तिथे दुकानदार शिधा देतो आणि पडायला जागाही देतो. त्या चट्टीपाशी अण्णा म्हणाले, "जरा बसतो." चट्टीवाल्याने लाकडे पेटवायला घेतली. ती धड पेटायच्या आत अण्णा गेले. आमच्या समाजात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. तिथे सगळा खडक. मंडळींनी त्यांना नदीला दिले.

हे ऐकल्यावर मला एकच कळेना. कोरडे धोतर पाठीवर होते, तर बदलले का नाही?

वहिनी म्हणाल्या, "बदललं असतं तर नवस मोडला असता."

"कसला नवस?"

"तुमचा. धाराशिवला तुम्ही तापात पडला व्हता, वैद्यानं हात टेकले व्हते. तवा रामलिंगाच्या पायरीवर हुबं राहून बोलले, ह्यो पोरगा उठू दे, केदाराला ओल्यानं येईन म्हणून. मला म्हणले, कुणाला सांगू नको. नवस सांगत न्हाईत."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडे सांगितले पाहिजे. तुळजापूरला तीर्थात बुडी मारायची आणि ओल्या कपड्यांनीच देवीपुढे जायचे, याला ओलेत्याने जाणे म्हणतात. आमच्याकडे हा नवस घरोघर बोलतात. तीर्थापासून देवळाचा दरवाजा चार पावलांवर आहे. ऊनही असते. घरी येईपर्यंत लुगडे वाळून जाते. अण्णांनी तोच नवस केदाराला बोलला. तिथे तीर्थ आणि देऊळ यांच्यामध्ये एक आख्खा डोंगर असेल, हे त्यांना कोण सांगणार? आणि गेल्यावर दिसले तरी, बोललेला शब्द बोललेला होता.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ती चट्टी पाहायला गेलो. पाहिली, वर दर्शन घेतले, परत आलो. त्यानंतर लोक माझ्याकडे येऊ लागले. मास्तर केदार पाहून आलेत, वाचणारे आहेत, परमुलखात बोलायला उर्दू येते, एवढे लोकांना पुरे होते. तिसऱ्या वर्षापासून दर वैशाखात माझ्याबरोबर एक जथा निघू लागला. शाळा माझी नोकरी होती. पण मी आयुष्यात काम काय केले असे विचारले, तर सपाटीवरच्या माणसांना डोंगरासाठी तयार करण्याचे, असेच मी सांगेन. नेण्याचे काम फारसे अवघड नव्हते. वाट एकच आहे, चुकायला जागा नाही. खरे काम येडशीला, निघण्यापूर्वीच्या महिन्यांत असे.

पौषापासून सुरुवात करायची. नवी वहाण घेतली असेल तर ती तेल पाजून आताच घालायला लागायचे, कारण डोंगरात नव्या वहाणेने पाय सोलला की सगळा जथा तिथेच बसतो. घोंगडी पाठीवर घेऊन शेतात जायचे. थंड पाणी प्यायची आणि कमी पिण्याची अशा दोन्ही सवयी करायच्या. आमच्यातल्या जुन्या माणसांची एक वेगळी अडचण होती. अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि वरच्या थंडीत पहाटे डोक्यावरून पाणी घेणे म्हणजे तापाला बोलावणे. त्यासाठी मी मठातल्या स्वामींना गाठले. अंगाला भस्म लावले की स्नान झाले, असे ते जथ्यापुढे उभे राहून सांगत. मी कितीही सांगितले असते तरी कुणी ऐकले नसते.

जेवणासाठी कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, चुलीच्या धगीला उभी करून खडखडीत केलेली. ती महिना-महिना टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी. हे काम वहिनींचे. माघ-फाल्गुनात आमच्या घरात भाकऱ्यांच्या चवडी लागत, आणि वहिनी त्यांच्यामागे बसलेल्या असत. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या. अण्णा गेल्यावर तेवढेही बोलणे राहिले नाही.

चढाची परीक्षा रामलिंगाच्या दरीत होई. देऊळ खाली आहे. तिथून वर येडशीकडे येणाऱ्या चढावर मी माणसाला घेऊन निघत असे आणि त्याला बोलायला लावत असे. पीकपाण्याचे, सुनेचे, कशाचेही बोलावे. ज्याचे वाक्य मधेच तुटे त्याला थांबवून पुन्हा पुढच्या सोमवारी बोलवायचे. बोलणे टिकले म्हणजे दम टिकला. नाडी पाहणे मला येत नव्हते. हे येत होते.

पण या सगळ्याआधी, माणूस दारात आला की मी एक प्रश्न विचारत असे. नवस काय बोललात?

लोकांना तो आवडत नसे. आमच्या भागातल्या वाशीचे वीरभद्राप्पा म्हणून एक अडते होते. अंगाने चांगले भरलेले. सोलापूरहून बूट, लोकरीची टोपी, गरम पाण्याची बाटली असे सगळे आणून त्यांनी माझ्या ओसरीवर मांडले.

"बघा मास्तर, काही राहिलं का?"

"नवस काय बोललात?"

"नवस? छे, छे. सहज चाललोय."

"वीरभद्राप्पा, खरं सांगा."

ते बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "अनवाणी येईन म्हणलोय."

"मग हे बूट?"

"ते खांद्यावर घेणार व्हतो. देवानं मधीच माघार घेतली तर असावेत."

मी ते बूट आमच्या कोनाड्यात ठेवून घेतले आणि त्यांना त्या दिवसापासून मुरमावर अनवाणी चालायला लावले. पहिला महिनाभर ते मला शिव्या देत. मला म्हणजे मी पुढे असताना, मागून. पण डोंगरात सगळ्यांच्या पायांना फोड आले तेव्हा वीरभद्राप्पा लहान मुलासारखे पुढे पुढे पळत होते आणि मागे वळून विचारत होते, "काय मंडळी, बूट पाहिजेत का?"

तामलवाडीचे एक शेतकरी थंडीवर विश्वासच ठेवत नव्हते. "आमच्यात बी पौषात लई थंडी असती, मास्तर." त्यांनी माझे न ऐकता तुरीची डाळ बांधून घेतली. उंचावर पाणी लवकर उकळते, पण त्या उकळीत दम नसतो. डाळ शिजत नाही. चट्टीवर ते सकाळपासून डाळ शिजवत बसले आणि शेवटी दुकानदाराशी भांडले, की तू लाकूड खोटे देतोस, याला धगच नाही. दुकानदार पहाडी, हे तामलवाडीचे, आणि मधे मी दुभाषी. दोघांच्याही शिव्या मी भाषांतर करताना गाळल्या. दोघेही एकमेकांना फार सभ्य समजून वेगळे झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत निजामाच्या हद्दीबाहेर धान्य न्यायला बंदी होती. बार्शीच्या बाजूला सरहद्दीवर नाका असे. तिथल्या जमादाराने आमची भाकऱ्यांची पोती उघडली.

"ये क्या है?"

"भाकरी."

"जवारी की?"

"हो."

"तो फिर जवारीच हुई ना!"

मी शाळेत शिकवतो तशा उर्दूत त्याला सांगितले, की जनाब, गव्हाची रोटी पोटात घालून लोक रोज या नाक्यावरून जातात, त्यांना आपण अडवत नाही. तो हसला, एक भाकरी मोडून खाल्ली आणि म्हणाला, "इसकू अनाज कौन बोलता? ये तो लकडी है." आणि सोडून दिले. वहिनींना मी हे घरी येऊन सांगितले. त्यांना राग आला. पुढच्या वर्षी त्यांनी जमादारासाठी वेगळी, तूप लावलेली मऊ भाकरी बांधून दिली. तोवर त्या माणसाची बदली झाली होती.

सगळेच हसण्यासारखे नव्हते. धाराशिवचे एक कापडवाले म्हातारे दोन वर्षे माझ्या मागे लागले होते. दोन्ही वर्षी रामलिंगाच्या चढावर त्यांचे बोलणे तिसऱ्या वाक्याला तुटले. मी नाही म्हटले. त्या दुसऱ्या वर्षीच्या आषाढात ते घरीच वारले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा मला पाणी देऊन म्हणाला, "मास्तर, त्यांना तिथंच जायचं व्हतं. मरायला बी तिथंच. तुम्ही इथं मारलं." तो रागाने बोलला नाही, त्यामुळे मला रागावताही आले नाही. मी पाणी प्यालो आणि उठलो. ज्याला परत यायचे नाही त्याला मी कशासाठी तयार करत होतो, हे मला आजही सांगता येत नाही. मी परत येणाऱ्यांसाठी काम करत होतो, एवढेच.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. माघ महिना होता. मी शाळेतून आलो. वहिनी भाकऱ्या चवडीला लावत होत्या. मी सहज म्हणालो, यंदा माणसांच्या मानाने चवड मोठी दिसते.

"औंदा माझ्या बी भाकरी ह्यातच हाईत," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हणालो. त्यांनी तवा उतरवला. मी वय सांगितले, थंडी सांगितली. जे मी ओसरीवर बसून इतरांना सांगत असे ते सगळे सांगितले. त्यांनी ते इतकी वर्षे आतून ऐकलेलेच होते.

"भावजी, नवस अर्धा पडलाय. अर्धा नवस घरात ठिवू नये."

मी स्वामींना घरी बोलावले. स्वामी म्हणाले, बोलणारा माणूस गेला की नवसही जातो, देव मागे लागत नाही. वहिनींनी त्यांच्या पायावर डोके ठेवले, शिधा दिला, दारापर्यंत पोहोचवले. आत येऊन मला म्हणाल्या, "स्वामींनी सोडला. म्या न्हाय सोडला."

"आणि ओल्याने तुम्हालाही काही झाले तर? मी इथे कुणासाठी परत यायचे?"

त्यावर त्या पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलल्या. "मग मला तयार करा की. लोकास्नी करता तसं."

मी इतक्या लोकांना ओल्या कपड्यांपासून अडवले होते. आता ओल्या कपड्यांत एका माणसाला जिवंत कसे ठेवायचे, याचा विचार करायला बसलो. उत्तर रोज आमच्या दाराशी फिरत होते. आमच्याकडचा धनगर पावसात दिवसभर भिजतो आणि मेंढ्यांमागे उभा राहतो. सुती धोतरात तो उभा राहिला नसता. लोकर भिजली तरी अंगाची ऊब धरून ठेवते. पूजेलाही लोकर चालते, तिला विटाळ नाही. अण्णांनी ओले सूत नेसले होते. नवसात सूत म्हटलेले नव्हते.

वहिनींनी ते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "लबाडी तर न्हाई ना ही?"

"ओले ते ओलेच, वहिनी."

"बघू नेसून."

आमच्या गावात अब्दुलमियाँ नावाचे शिंपी होते, जथ्याच्या लोकरी बंड्या तेच शिवत. मी त्यांना घोंगडीचे नेसता येईल असे काही शिवून द्या म्हणालो. वहिनी आतून म्हणाल्या, "शिवलेलं चालत न्हाई."

अब्दुलमियाँ कात्री पिशवीत टाकत म्हणाले, "लो! सबकू पुन्न मिलता, हमकूच नै. मास्टरसाब, एक बात पुछूं? तुमारे देव इत्ते ऊपर कायकू जाके बैठे? नीचे जगा नै थी क्या?"

वहिनी आतूनच म्हणाल्या, "खाली माणसं लई हाईत म्हणून."

अब्दुलमियाँ बराच वेळ हसत होते. मला हसू आले नाही. अण्णांच्या पाठीमागे वहिनींना मी चेष्टेत बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

नवी घोंगडी भिजली की इतकी जड होते की ती घेऊन चढणे अशक्य, हे आम्हाला पहिल्याच सोमवारी कळले. वहिनी दरीतल्या ओढ्यात भिजून निघाल्या आणि पहिल्या वळणावर खाली बसल्या. मग अब्दुलमियाँनीच एका धनगराकडून वापरून विरलेल्या दोन घोंगड्या आणल्या. एक कमरेला गुंडाळायची, एक खांद्यावरून घ्यायची. भिजवून, पिळून नेसायची. त्या हलक्या होत्या. माघाच्या थंडीत, सकाळचे ऊन दरीत उतरायच्या आधी, वहिनी तशा ओल्या निघत आणि मी कोरडी चादर घेऊन मागे. वर आल्यावर त्यांचे हात हातात घेऊन पाहायचे. हात गरम असत.

चढावर बोलण्याची परीक्षा मात्र त्या देईनात.

"बोला, वहिनी."

"काय बोलू?"

"काहीही."

"म्या सपाटीला बोलत न्हाई, चढाला कुठनं बोलू?"

मी त्यांना नापास करू शकलो नाही. त्यांचा दम माझ्यापेक्षा चांगला होता. आयुष्यभर खालच्या विहिरीचे पाणी त्यांनीच वर आणले होते.

वैशाखात आम्ही निघालो. माझी योजना मी त्यांना सांगितली होती. देवळाच्या जवळच नदी आहे. तिथे घोंगड्या भिजवायच्या आणि चार पावले चालून दारात जायचे, तुळजापूरसारखे. त्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटले नव्हते. मी ते हो धरले होते.

गौरीकुंडावर त्यांनी फक्त हातपाय धुतले आणि कोरड्या कपड्यांनी निघाल्या. मला बरे वाटले. दुपार व्हायच्या आत आम्ही मधल्या चट्टीवर पोहोचलो. चट्टीवाला बदललेला होता. नव्याला काही माहीत नव्हते. वहिनींनी मला विचारले, "कुठं?" मी जागा दाखवली. छपराच्या कडेला एक सपाट दगड आहे. त्या तिथे बसल्या. जथा पुढे गेला. मी उभा होतो. नदीचा आवाज मोठा होता.

मग त्या उठल्या, गाठोड्यातून घोंगड्या काढल्या आणि नदीकडे उतरू लागल्या.

"वहिनी, इथे नाही. वर."

"इथवर त्यांनी केलंय, भावजी. केलेलं पुन्हा करायचं न्हाई. हितनं राहिलंय."

मी त्यांच्या आडवा झालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, इथून पुढचा चढ सगळ्यात वाईट आहे, वर बर्फ पडलेले आहे, दहा वर्षे जे ऐकत आलात त्यातले एक तरी ऐका. शेवटी म्हणालो, "नवस माझ्यासाठी होता. मी जगलो. फेडायचा तर मी फेडतो. द्या त्या घोंगड्या इकडे."

त्या थांबल्या. माझ्या हाताला धरून त्यांनी मला बाजूला केले, लहानपणी चुलीपासून करत तसे.

"तुम्हाला हितं मरायला पाठवायसाठी त्यांनी नवस बोलला व्हता व्हय?"

त्या खाली उतरल्या. वर आल्या तेव्हा घोंगड्यांतून पाणी गळत होते.

मी एकच अट घातली. "बोलत राहायचे. तुमचे बोलणे थांबले की मी कोरडे नेसवणार. मग नवस राहो की जावो."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि त्या बोलू लागल्या.

त्या वाटेवर वहिनी बोलल्या तेवढे बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही. लग्नात अण्णा किती भित्रे होते ते सांगितले. तुळजापूरच्या जत्रेत त्यांनी बांगड्या घेऊन दिल्या आणि घरात कुणी विचारू नये म्हणून शेतात जाऊनच घालायला लावल्या, ते सांगितले. एकदा दोघे भांडले आणि अण्णा जेवले नाहीत. वहिनीही जेवल्या नाहीत. दोघांनी ते मला कळू नये म्हणून माझ्या ताटाशेजारी रिकामी ताटे ठेवून आधीच जेवल्याचे नाटक केले. मूल होत नाही म्हणून लोकांनी अण्णांना दुसरे लग्न करा सांगितले, तेव्हा ते म्हणाले होते, "एक पोरगं हाय की घरात, शाळंत जातंय." हे मला माहीत नव्हते. मी मागे चालत होतो, त्यामुळे माझे तोंड त्यांना दिसत नव्हते.

वाऱ्याने घोंगडी वाळू लागली की त्या वाटेतल्या झऱ्याला थांबत आणि ओंजळीने पाणी अंगावर शिंपडत. प्रत्येक झरा दिसला की मी कोरड्या कपड्यांच्या गाठोड्याची गाठ चाचपून ठेवी. एका ठिकाणी बर्फ ओलांडायचे होते. तिथे त्यांचे वाक्य तुटले. मी गाठोडे सोडायला लागलो.

"थांबा," त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "आठवतीय. आठवतीय म्हणून थांबले. त्यांना काय आवडायचं सांगत व्हते? हां, शेपूची भाजी. तुम्हाला आवडायची न्हाई म्हणून म्या करत नव्हते."

देऊळ दिसले तेव्हा त्यांचे ओठ निळे झाले होते, पण तोंड चालू होते. दारात गर्दी नव्हती. त्या आत गेल्या, शिळेला हात लावला, कपाळ टेकले. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं." मी त्यांना एका पंड्याच्या खोलीत बायकांच्या हवाली केले. त्यांनी कोरडे नेसवले, शेकले, गरम दूध पाजले. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. आतून त्यांचा आवाज येईना तेव्हा मी दार वाजवले. पंड्याची बायको म्हणाली, झोपल्या आहेत, हात गरम आहेत.

येडशीला गाडीतून आम्ही सगळे उतरलो.

त्यानंतर मी जथा नेला नाही. पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला आणि आमच्याकडे रझाकारांचे दिवस आले; माणसे यात्रेला नाही, जीव घेऊन सरहद्दीपलीकडे जाऊ लागली. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदलले, शाळेत मराठी आली, मला ती शिकवायला पुन्हा शिकावी लागली. रस्ते झाले. मोटार आता पुष्कळ वर जाते. लोक पंधरवड्यात जाऊन येतात. त्यांना कुणी नवस विचारत नाही, आणि विचारण्याची गरजही उरली नसेल. कधी एखादा जुना माणूस ओसरीवर येतो आणि म्हणतो, मास्तर, काय काय न्यावं? मी सांगतो. थकायला होते, पण सांगतो.

वहिनी परत आल्यावर पूर्वीसारख्याच गप्प झाल्या. वाटेवर बोललेल्यातले काही त्यांनी पुन्हा काढले नाही, मीही विचारले नाही. आम्ही दोघांनी त्या घरात पुष्कळ वर्षे काढली. शेपूची भाजी मी खायला शिकलो.

यंदाच्या ज्येष्ठात त्या गेल्या. ताप नव्हता, दुखणे नव्हते. आमच्या शेतात, रिवाजाप्रमाणे, त्यांना मातीत बसवले. नवस फिटलेला आहे. घरात मी आहे.